राष्ट्रोळीची उजवी बाजू

माणसाने निसर्गावर मिळवलेला अखेरचा विजय म्हणजे फोर बाय फोर. आधी त्याने आग काबूत आणली, मग चाक शोधलं, आणि ज्या दिवशी चारही चाकं एका वेळी स्वतःच्या ताकदीने फिरू लागली, त्या दिवशी डोंगर, नदी, चिखल आणि दगड या चौघांनी हात जोडून शरणागती पत्करली. आता पृथ्वीवर अशी जागाच उरली नाही, जिथे माणूस बसल्या बसल्या जाऊ शकत नाही.

हे विचार गोकुळदासचे. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा खिडकीबाहेर ठेवून त्याने ते मांडले. अडचण एवढीच, की तो ते मांडत असताना त्याची पिकअप मागे मागे येत होती. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा ती एका काजूच्या झाडाला पाठ लावून थांबली होती आणि हौद्यातलं रस उकळायचं तांब्याचं भाण देवळातल्या घंटेसारखं घुमत होतं.

आमचा वाडा पेडण्यात, मोपाच्या पठाराच्या पायथ्याला. वर पठारावरून अधूनमधून एक विमान उठतं आणि दीडदोनशे माणसांना उचलून दिल्लीला नेऊन ठेवतं. त्याच पठाराच्या अर्ध्या उंचीवर, झरीच्या कडेला, काजूची दारू गाळायची भाटी आहे. तिथपर्यंत एक भांडं नेऊन ठेवणं मात्र मानवाला त्या सकाळी जमत नव्हतं. चढावर तांबडी खडी मोहऱ्या सांडल्यासारखी पसरलेली. तिच्यावरून माणूस चालतो, बकरी चालते. गाडी चढवली तर मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि स्वतःसाठी खड्डा खणतात.

भाण वत्सलाचं. म्हणजे गोकुळदासच्या थोरल्या बहिणीचं. दरवर्षी डोंगरावरची बाग लिलावात तिच्या नवऱ्याच्या, दिनकरच्या, नावावर लागायची. दिनकर बसवर ड्रायव्हर असल्यामुळे तो पणजीला जायचा आणि बागेत राबायची वत्सला. यंदा पहिल्यांदा बाग तिच्याच नावावर लागली. म्हणजे हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, चांगला उतरला तर नाव तिचं, आणि रस आंबला तर बदनामीही तिचीच. नेमकं यंदाच जुन्या भाणाला भोक पडलं. नवं भाण डिचोलीच्या तांबटाकडून घेऊन यायचं काम भावाने अंगावर घेतलं होतं, आणि डिचोलीपासून आमच्या वाड्यापर्यंत ते त्याने अगदी झोकात आणलं होतं. राहिला होता फक्त शेवटचा चढ.

वत्सला रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. पदर खोचलेला, कमरेला नवी कोरी आगपेटी. मोसमाची पहिली भाटी पेटवायची ती न फोडलेल्या आगपेटीने, असा तिचा नेम होता.

"गोकुळ," ती म्हणाली, "वर टाकीत रस फसफसूक लागलो. आज भाण चुलीर बसला नाय तर उद्या त्येचो विनागर होतलो. मगे गावात काय विकू? हुर्राक म्हणान विनागर?"

"बाय, तू उगीच घाबरतंस. फोर बाय फोर आसा ही."

"मगे ती मागे कित्याक येता?"

"ती मागे येणा नाय. ती दम घेता."

"त्यापरास आपण सगळे मिळान उचलूया. वर काय लंडन नाय."

गोकुळदासचा चेहरा पडला. "फोर बाय फोर दारात उभी आसताना भाण डोक्यार? लोक काय म्हणतले?"

लोक म्हणजे मी. मी वत्सलाच्या शेजारी राहतो, आणि निवृत्त असल्यामुळे न बोलावता कुठेही वेळेवर हजर असतो. मी काही म्हणणार नव्हतो. पण भाण उचलायची पाळी आपल्यावरही येईल हे लक्षात आल्यावर, गाडीचा आधी नीट विचार व्हावा, असं माझंही मत पडलं.

गाडीचा इतिहास असा. गोकुळदास राहायला डिचोलीला. तिथे खाणी चालू होत्या तेव्हा तो टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, आणि एका खाणीच्या लिलावात ही पिकअप त्याच्या वाट्याला आली. तिला गिअरचे दांडे दोन: एक मोठा आणि त्याच्या बगलेत एक छोटा. छोटा ओढला की पुढची चाकंही कामाला लागतात, असं लिलाववाल्याने सांगितलं होतं. त्याच्या शब्दावर गोकुळदासचा इतका विश्वास, की त्याने ते कधी करूनच पाहिलं नाही. डिचोलीच्या बाजारात त्या छोट्या दांड्याला तो भाजीची पिशवी अडकवायचा. पण गाडीवर त्याची भक्ती मोठी. दर दसऱ्याला तो तिला न्हाऊ-माखू घालायचा, झेंडूचा हार घालायचा, आणि चारही चाकांच्या मधोमध तेल लावून वर हळद-कुंकवाचा जाड थर थापायचा. पुढच्या दोन चाकांवर तर अनेक दसऱ्यांचे थर एकावर एक बसून खापरोळीएवढी जाड पोळी तयार झाली होती.

छोटा दांडा ओढून, सोडून, शिव्या देऊन आणि गोंजारून झाल्यावर हरमलच्या विजय मिस्त्रीला फोन गेला.

विजयचं गॅरेज हरमलला, किनाऱ्याच्या वाटेवर. तो पर्यटकांना भाड्याने दिलेल्या स्कूटर दुरुस्त करतो, आणि 'या गाडीला ब्रेक नाहीत' हे वाक्य त्याला रशियन भाषेत बोलता येतं. त्यामुळे पंचक्रोशीत त्याच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. स्कूटरवरून येऊन त्याने हेल्मेट काढलं आणि पिकअपकडे, फुगलेल्या स्कूटरकडे पाहावं तसं, पाहिलं.

"प्लग साफ केलास?"

"डिझेलाची गाडी रे ही. हिका प्लग खंयचे?"

"थंयच तर घोटाळो आसा," विजय म्हणाला आणि विषय बदलून जमिनीवर पालथा पडला. "चालू कर. छोटो गिअर घाल. सोड!"

मागच्या चाकांनी खडी उडवली. त्यातली बरीचशी माझ्या अंगावर आली. विजय गाल जमिनीला टेकवून गाडीच्या पोटाखाली बघत राहिला. मग उठला, कपडे झाडले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं त्याने गोकुळदासला बाजूला घेतलं.

"छोटो गिअर बरोबर पडता. पुढच्या चाकांका जाणारो दांडो पण फिरता. ताकद चाकांच्या दारापर्यंत जाता आणि थंयसून परत येता."

"परत कित्याक?"

"भितर घेणत नाय तेका. आता ऐक. दोनांतल्या एका बाजूक दोष आसतलो. एक बाजू बसली की दुसरीय बसता. सख्ख्या भावांसारख्या त्या."

"खंयची बाजू?"

"तां चाक उघडल्याशिवाय कळूचा नाय. एक बाजू उघडूक दोनपार होतली. दोनय उघडूची म्हटल्यार उद्या."

"उद्या विनागर," दगडावरून वत्सला म्हणाली.

उजवी उघडायची की डावी, यावर बरीच चर्चा झाली. विजयचा कल डाव्या बाजूकडे होता, कारण त्या बाजूला सावली होती. गोकुळदास उजवीवर अडून बसला, कारण तो उजवीकडे बसून चालवत असल्यामुळे ती बाजू जास्त झिजली असणार. दोन्ही कारणं शास्त्रीय असल्यामुळे निर्णय होईना. आणि निर्णय होत नाही तेव्हा आमच्या वाड्यात जिथे जातात, तिथे सगळे निघाले.

चढाच्या पायथ्यालाच राष्ट्रोळीची घुमटी आहे. राष्ट्रोळी आमचा राखणदार. त्याच्यासमोर कौल लावतात. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न जमवायचं, घराचा पाया खणायचा, बोअरवेल मारायची, सगळं याच्यावर. बोअरवेलला पाणी लागलं नाही तर प्रश्न चुकीचा विचारला असं धरतात. उत्तर चुकल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

शिवाय या मामल्यात देवाचाही थोडा स्वार्थ होता. मोसमाच्या पहिल्या हुर्राकातली पहिली बाटली राष्ट्रोळीची असते. ती देवापुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ती रिकामी सापडते. मधल्या वेळात घुमटीची चावी कृष्णनाथ गुरवाकडे असते, एवढंच आम्हाला माहीत आहे.

कृष्णनाथ गुरव पायरीवर बसून पाय चोळत होता. भाण वर चढत नाही हे ऐकून तो ताडकन उठला. इतक्या वेगाने त्याला उठताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"समई पेटवूक होयी. आगपेटी खंय गेली? उंदरांनी खाल्ली वाटता."

वत्सलाने कमरेची आगपेटी काढली, हातात घोळवली आणि नाइलाजाने पुढे केली. "एकच काडी हां, कृष्णनाथ. ती भाटीसाठी आसा."

गुरवाने समई पेटवली, आगपेटी कोनाड्यात ठेवली, पाकळ्या लावल्या आणि पंचा सावरून विचारलं, "प्रश्न काय?"

"दोष उजव्या बाजूक की डाव्या?" गोकुळदास म्हणाला.

"असो विचारूचो नसता. देव होय म्हणता नायतर नाय म्हणता. 'दोष उजव्या बाजूक आसा काय,' असो विचार."

"कृष्णनाथकाका, वेळ नाय. पाकळी ज्या बाजूची पडात ती बाजू. सरळ हिशोब."

"सरळ हिशोब बँकेत. हंय देव आसा."

"वर रस आंबता!"

गुरवाने भाणाकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे उद्या बाटली यायची होती, आणि परंपरा थोडी सैल केली.

"हे देवा राष्ट्रोळी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"आज हो डिचोलेचो गोकुळदास तुझ्या पायाकडे उभो आसा. त्येच्या चार चाकांतली दोन चाकां कामचुकार झाली आसत. थोरल्या भयणीचा भाण अर्ध्या वाटेर अडकला आसा. त्येचा म्हणणा, की दोष ज्या बाजूक आसात त्या बाजूची पाकळी दी."

"होय म्हाराजा!"

"आणि तुझी बाटली तुका वेळेर मेळांदी."

"होय म्हाराजा!" हे गुरवाने स्वतःच म्हटलं.

वरून एक विमान गेलं. कोणी हललं नाही, पाकळीही नाही. विजय पुटपुटला, की देवाला बहुधा फक्त मागच्या चाकांचं कळतं, तेवढ्यात उजव्या बाजूची पाकळी सुटली आणि टप्पकन खाली आली.

"उजवी!" गोकुळदास ओरडला, आणि आम्ही सगळे चपला शोधत, एकमेकांच्या चपला घालत, गाडीकडे धावलो.

गाडीपाशी पोचल्यावर दिसलं, की गोकुळदास एका चाकाशी बसला आहे आणि विजय दुसऱ्या.

"हंय कित्याक बसलंस? देवान उजवी सांगली ना?"

"हीच उजवी," विजय बॉनेटसमोर उभा राहून म्हणाला. "हो बघ माझो उजवो हात. हां बघ चाक."

"तू गाडीच्या तोंडाकडे बघतंस. गाडीची उजवी म्हणजे ड्रायवराची उजवी!"

"देवान 'ड्रायवराची' म्हणान सांगल्यान?"

"आणि पाकळी देवाच्या उजव्या बाजूची," मी म्हटलं. "देव आपल्याकडे तोंड करून बसलाय. म्हणजे त्याची उजवी ती आपली डावी." मी हे कोणाला मदत व्हावी म्हणून म्हटलं नव्हतं, पण विजयला ती झाली.

"ऐकलंस? म्हणजे पाकळी पडली ती डावीच!"

"मगे तू बसलंस तां चाक उजव्या हातान बरोबर, की डाव्या हातान?"

विजयने दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं. उजव्या बाजू एकूण तीन झाल्या होत्या: देवाची, ड्रायव्हरची आणि मिस्त्रीची. चाकं मात्र दोनच.

"दोघांनी दोन चाकां साफ करा आधी," वत्सला म्हणाली. "भांडाण हातांनी काम करताना पण होता."

हे दोघांनाही पटलं, कारण दोघांनाही समोरचा खोटा पडायला हवा होता. गोकुळदासने आपल्या चाकावरची हळद-कुंकवाची पोळी करवंटीने खरवडायला घेतली. हात जोडून, पुटपुटत, कारण तो आपलाच दसरा खरवडत होता. विजयने दुसऱ्या चाकावर पान्याने ठोके मारले. वरचा थर गेल्या दसऱ्याचा, त्याखाली आधीचा, मग तांबडी माती, मग आणखी आधीचा. पुराणवस्तूवाले असते तर त्यांनी मध्ये दोरी बांधून आम्हाला हाकलून दिलं असतं.

सगळ्या थरांच्या तळाशी दोन्ही चाकांवर एकेक वाटोळी चकती निघाली. चकतीवर एक बाण, आणि बाजूला इंग्रजीत कोरलेले दोन शब्द. एक 'फ्री', दुसरा 'लॉक'. दोन्ही चकत्यांचे बाण 'फ्री'कडे.

गोकुळदास हरखला. "बघ! फ्री आसा! म्हणजे हां चाक चांगला. मोकळा फिरता. दोष तुझ्या बाजूक."

"माझा पण फ्री आसा."

"मगे दोष खंय गेलो?"

"लॉक असता तर म्हटला असता, की अडकला," विजय विचारात पडला. "हरमलला स्कूटर लॉक केली की चाक फिरणा नाय. फ्री म्हणजे बेस. ह्येका हात लावू नुको. लॉक झाला तर गाडी हंयच रवतली."

"ती आता खंय गेली आसा?" वत्सलाने विचारलं.

ती उठून चाकाजवळ आली, वाकली, चकतीकडे पाहिलं. इंग्रजी तिला वाचता येत होतं. मुलांचा अभ्यास तिनेच घेतला होता.

"फ्री म्हणजे काय?"

"मोकळा गो बाय. आझाद."

"फ्री म्हणजे रिकामो," वत्सला म्हणाली. "आमच्या घरात पण तसांच. दिनकर रजेर घरी फ्री आसता, तू डिचोलेक फ्री आसतंस. फ्री आसलेल्यान कधी काम केल्लां बघलंस? ही दोनय चाकां रिकामी फिरतत. ह्यांका कामाक जुंपा."

विजयने 'असंच मला वाटत होतं' अशा अर्थाची मान हलवली. ही मान तो गिऱ्हाइकाने स्वतः दोष शोधला की हलवतो.

"म्हणजे लॉक करूक होया," तो म्हणाला. "पण एकच. देवान एकच बाजू दाखवल्यान."

"एकच," गोकुळदासनेही मानलं. "देवान सांगल्यापरास जास्ती करूचा नाय."

बराच जोर लावल्यावर करकर करून ड्रायव्हरच्या बाजूची चकती फिरली. गोकुळदास गाडीत बसला, छोटा दांडा ओढला, पाय दाबला. मागची चाकं फिरली, खडी उडाली, पिकअप हातभर पुढे गेली आणि पुन्हा काजूच्या झाडाला येऊन टेकली. भाण घुमलं.

"म्हटलंय ना!" विजय खूश झाला. "चुकीची उजवी!"

आता दुसऱ्या बाजूची पाळी. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमची माणसं भांडखोर असतील, पण स्वच्छ आहेत. विजयची बाजू लावण्याआधी गोकुळदासने आपली चकती पुन्हा 'फ्री'वर नेऊन ठेवली. दुसऱ्याच्या प्रयोगात आपलं श्रेय मिसळू नये म्हणून. मग विजयने आपली 'लॉक'वर नेली. गाडी सुरू झाली, खडी उडाली, झाड हललं, भाण घुमलं. दोन काजूची बोंडं टपावर पडली.

"तुझी पण चुकीची," गोकुळदास समाधानाने म्हणाला.

दोन्ही बाजू हरल्या होत्या आणि दोघेही आनंदात होते. विजयने नियमाप्रमाणे आपली चकती पुन्हा 'फ्री'वर नेली. वत्सला मात्र चढाकडे बघत होती. वरच्या झाडीतून आंबूस वास उतरायला लागला होता. तो वास तिला बालपणापासून ओळखीचा. आणखी थोडा पुढे सरकला की तो लोणच्याच्या बरणीचा वास होतो.

"माझ्या नावार पयलीच बाग," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "लोक म्हणतले, दिनकराच्या नावार आसताना असा कधी झाला नाय."

हे ऐकून गोकुळदास चाकाशी बसून ती चकती बोटाने उगाच पुसत राहिला.

तेवढ्यात कृष्णनाथ गुरव सावकाश, पायाखालची खडी बघत वर आला. घुमटीला कुलूप लावलेलं, चावी करगोट्याला.

"चढली?"

"नाय. तुमच्या देवान चुकीची बाजू दाखवल्यान."

"देव चुकणा नाय. खंयची लावलास?"

"आधी ही, मगे ती. एकेक करून दोनय बघलंव."

"एकेक कित्याक?"

"एकच पाकळी पडली म्हणान!"

गुरवाने पंच्याने मान पुसली. "एक पडली ती तुमी बघलास. दुसरी पडली ती देवान बघली आणि मी बघलंय."

"दुसरी?"

"डावी. उजवीच्या पाठोपाठ. तुमी चपलांसाठी ढकलाढकली करत होतास तेव्हा."

गोकुळदास उभा राहिला. "मगे सांगलास कित्याक नाय?"

"तू थांबलंस खंय? कौल लावल्यावर तीर्थ घेऊन, पाया पडान, मगे भायर जाऊचा असता. तुमची सगळ्यांची पाठ माका दिसली. आणि मी पयलीच सांगलंय, की असो प्रश्न विचारूचो नसता. दोनय पडली म्हणजे होय पण आणि नाय पण. ह्येचो अर्थ काय लावू मी? बसून विचार करत होतंय."

"अर्थ सरळ आसा!" गोकुळदास म्हणाला. "उजवी पण आणि डावी पण!"

"तां माका ठाऊक नाय. माका चाकांतला कळणा नाय."

यापुढे वाद घालायला कोणाकडे बाजूच उरली नाही. दोघांनी दोन्हीकडे बसून एकदम चकत्या फिरवल्या. विजयने नंतर त्याचं शास्त्र मला समजावलं, आणि मला ते पटलं. दोन चाकांतलं एक कामाला लावलं आणि एक फ्री ठेवलं, तर इंजिनाची सगळी ताकद फ्री असलेल्याकडेच जाते. ज्याला काम नाही त्यालाच सगळं मिळतं आणि तो ते हवेत उडवतो. मी सरकारी नोकरीत होतो, म्हणून मला वेगळं उदाहरण लागलं नाही.

गोकुळदासने देवाचं नाव घेतलं, छोटा दांडा ओढला आणि पाय हळूच दाबला. पुढची चाकं झोपेतून उठल्यासारखी एकदा थरथरली, मग त्यांनी खडी पकडली. पिकअपने काजूच्या झाडाचा निरोप घेतला आणि ती चढायला लागली.

गोकुळदासचं तत्त्वज्ञान पहिल्या वळणावरच परत आलं. विजय हौद्यात भाणाला मिठी मारून बसला होता आणि स्कूटरवाल्यासारखा पाय खाली टेकू टेकू करत होता. गुरव पुढच्या सीटवर, आपली बाटली कुठे तयार होते हे डोळ्यांनी पाहण्यासाठी. वत्सला गाडीत बसली नाही. ती पायवाटेने निघाली. मी तिच्यामागून धापा टाकत गेलो. पिकअप वर पोचली तेव्हा वत्सलाने चुलीतली राख काढून ठेवली होती.

तिथे मात्र कोणाला काही सांगावं लागलं नाही. भाण चुलीवर बसलं. वत्सलाने टाकीतल्या रसात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

"बरो आसा," ती म्हणाली. "अजून रस आसा."

रस भाणात ओतला, झाकण बसलं, सांध्याला ओली माती लिंपली, नळी झरीच्या गार पाण्यातून फिरवून खाली मडक्यात सोडली, चुलीत लाकडं रचली. तेवढ्या वेळात बाकीच्या तिघांनी श्रेय वाटून घेतलं. गोकुळदासच्या मते गाडी पहिल्यापासून चांगलीच होती. दसऱ्याला तिची सेवा इतकी झाली होती, की ती लाजून कामाला लागत नव्हती. विजयच्या मते बाजू एकच चुकली होती, ती गोकुळदासची, आणि दुसरी चुकली ती त्याच्या संगतीने. गुरवाचं म्हणणं एवढंच, की यापुढे गाडीचे प्रश्न होय-नाय असे विचारावेत. मग गोकुळदास खडकावर चढून उभा राहिला, खाली चोपड्याच्या दिशेने दिसणाऱ्या नदीकडे हात केला आणि म्हणाला, की आता पृथ्वीवर अशी जागाच उरलेली नाही.

वत्सला चुलीपुढे बसली होती. तिने कमरेला हात लावला. आधी उजव्या बाजूला, मग डाव्या.

"गोकुळ."

"काय गो बाय?"

"माझी आगपेटी देवाकडे रवली. कोनाड्यात."

सगळ्यांनी खिसे चाचपले. गोकुळदासने त्याच सकाळी, गाडी चढावी म्हणून, विडी सोडली होती. विजयकडे तीन भाषांतल्या शिव्या होत्या, आगपेटी नव्हती. पिकअपमध्ये सिगारेट पेटवायचं भोक होतं, पण त्यात मोबाइलचा चार्जर कायमचा रुतून बसला होता. गुरवाने करगोट्याची चावी सोडून मुकाट्याने पुढे केली.

गोकुळदास खडकावरून उतरला, पिकअपचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"तेवढी आगपेटी घेऊन ये रे बाबा," वत्सला म्हणाली. "आणि चालत जा."